सोसायटीत शिरू की कंपनी काढू?

पत्र : मी चोपडा तालुक्यातली. यंदा बी.एस्सी. ॲग्री झाले. आमच्या गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. चेअरमन अण्णा म्हणतात, ‘आतापासून हाताखाली बस, कॉम्प्युटरचं काम बघ, पुढे तुझंच नाव सुचवू.’ इकडे आम्ही दहा जण केळीसाठी शेतकरी उत्पादक कंपनी काढायची म्हणतोय आणि सगळे मला सीईओ हो म्हणतात. आबांचं एकच म्हणणं, ‘सोसायटी आपली शे, ती सोडीसन कोठे जाशी?’ मित्र म्हणतात, तिथे गेलीस तर सडशील. सोसायटीची सभा कधी होतच नाही, सह्यांची वही घरोघर फिरते. असली संस्था सुधारत बसायचं की नवी उभी करायची?

उत्तर :

प्रिय बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘सह्यांची वही घरोघर फिरते’ या ओळीवर थांबले. ती वही तुमच्या ओट्यावर आली तेव्हा आबांनी सही केली का?

रागावू नकोस, पण मला उत्तर इथूनच सुरू करावंसं वाटतं. ज्या शेतकऱ्यांनी न वाचता सही केली, तेच उद्या तुमच्या कंपनीचे भागधारक होणार आहेत. गाव तेच, माणसं तीच. कागदावरची सभा खपवून घ्यायची सवय जुन्या संस्थेत शिल्लक राहत नाही, ती माणसांबरोबर नव्या संस्थेत येते.

हे मी अनुभवावरून सांगते. कॉलेजात असताना तिथल्या ग्रंथालयावर चिडून आम्ही आठ जणांनी धुळ्यात स्वतःची अभ्यासिका काढली होती. जागा भाड्याची, पुस्तकं मागून आणलेली, उत्साह दांडगा. तिसऱ्या वर्षी किल्ली एकाच्याच खिशात असायची, वर्गणीचा हिशेब एका डायरीत आणि ती डायरी कुणाला मागितली की समोरच्याचं तोंड उतरायचं. ज्या गोष्टींवर चिडून आम्ही बाहेर पडलो होतो, त्याच आमच्याकडे आल्या, कारण हिशेब कसा ठेवायचा आणि कसा मागायचा हे आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. अभ्यासिका बंद पडली याचं वाईट आजही वाटतं. तिथे रोज येणारी पंधरा-वीस मुलं होती.

आता सोसायटीकडे बघू. ती कर्जासाठी जन्मली. १९०४ च्या कायद्याने देशात सहकारी पतसंस्थांची सुरुवात झाली ती शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून सोडवायला, आणि आजही विकास सोसायटीचं मुख्य काम तेच आहे : जिल्हा बँकेकडून पीक कर्ज आणायचं, सभासदांना वाटायचं, वसूल करायचं. वेळेत फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज आपल्या राज्यात शून्य टक्क्याने पडतं. हे काम तुमची कंपनी करू शकणार नाही, करायलाही जाऊ नये. सोसायटी मोडकळीला आली तर लहान शेतकरी पुन्हा सावकाराच्याच दारात उभा राहील. तेवढ्यासाठी आबांचं म्हणणं मला पटतं.

पण केळी विकणं हे सोसायटीचं काम कधी नव्हतंच. घड तयार झाला की तो थांबत नाही आणि व्यापाऱ्याला ते तुझ्याआधी माहीत असतं. जाहीर भाव एक, बांधावर मिळणारा भाव दुसरा, वर वजनातली कपात. हे दुखणं सोसायटीचं पोट कितीही साफ केलं तरी बरं होणार नाही. केंद्राने २०२३ मध्ये आणलेल्या आदर्श पोटनियमांनी सोसायट्यांना गोदामापासून खत-बियाण्यापर्यंत पंचवीसहून जास्त कामांची मोकळीक दिली आहे, हे खरं. पण जिथे वार्षिक सभाच कागदावर होते, तिथे केळीच्या गाड्या कोण भरणार? म्हणून कर्जासाठी जुनी संस्था नीट करा आणि विक्रीसाठी नवी काढा. तुझ्या पत्रात ही दोन कामं एकाच प्रश्नात गुंतली आहेत, म्हणून तुझा जीव घुसमटतो आहे.

आपल्याच भागात बघ. साक्री तालुक्यातलं बारीपाडा. तिथल्या लोकांनी उजाड झालेलं जंगल पुन्हा उभं केलं, त्यासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. जंगल होतं तेच, वनखातंही होतं तेच. नियम मात्र गावाने स्वतः केले, पाळले आणि मोडणाऱ्याकडून दंड घेतला. दुसरीकडे नंदुरबारच्या डोंगरात, नर्मदेच्या काठी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी गावांनी जीवनशाळा काढल्या, कारण सरकारी शाळा कागदावर होती आणि मास्तर येत नव्हता. तिथे नवं उभारणंच बरोबर होतं, मुलांची वर्षं वाया जात होती. एका ठिकाणी आहे ते हातात घेतलं, दुसऱ्या ठिकाणी नवं काढलं, पण दोन्हीकडे लोक आधी जमत होते.

आता तुझ्या नोकरीबद्दल. सेक्रेटरी होऊ नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. सेक्रेटरीला संचालक मंडळाच्या हाताखाली काम करावं लागतं. सुधारणा करायला निघालेला सेक्रेटरी मंडळाला नकोसा होतो आणि सभासद त्याच्या पाठीशी उभे राहत नाहीत, कारण ते सभेलाच येत नाहीत. तू तिथे झिजशील. १९६० च्या सहकार कायद्याने अधिकार सभासदाच्या हातात दिला आहे. कलम ३२ प्रमाणे सभासद पोटनियम, लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सोसायटीत जाऊन फुकट बघू शकतो. एकपंचमांश सभासदांनी मागणी केली तर विशेष सभा बोलवावी लागते. व्यवस्थापन समितीत दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. तुमच्या गावात त्या जागांवर कोण आहे? बैठकीला त्या स्वतः जातात की त्यांचे यजमान?

त्या खुर्चीवर तू बसावंस असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी सभासद व्हावं लागेल आणि सभासद व्हायला सहसा स्वतःच्या नावावर शेती लागते. आबांना विचार, सातबाऱ्यावर माझं नाव लावाल का? ‘सोसायटी आपली शे’ म्हणताना त्या ‘आपली’त लेक धरली आहे का, हे त्यांनाही एकदा बोलून दाखवू दे. हे बोलणं अवघड जाईल. आईला सोबत घे.

कंपनीबद्दल मात्र मी तुझ्या मित्रांपेक्षा सावध आहे. उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली आणि २००३ पासून लागू झाली. दहा उत्पादक एकत्र आले की नोंदणी होते, म्हणून सोपं वाटतं. नोंदणीनंतरचं कुणी सांगत नाही. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण वेळेत भरावं लागतं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये जादा शुल्क चढतं. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. तुझे मित्र संचालक होणार आहेत, त्यांना हे वाचून दाखव. कायदा असंही म्हणतो की मुख्य कार्यकारी अधिकारी पूर्णवेळ हवा आणि तो सभासदांपैकी नसावा. म्हणजे कंपनीत आबा सभासद आणि तू सीईओ, अशी मांडणी करावी लागेल.

अनुदानाच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. दहा हजार कंपन्यांची केंद्राची योजना २०२० मध्ये आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत दहा हजारांचा आकडा पूर्ण झाल्याचं जाहीरही झालं.

त्यापेक्षा पाटीवर हिशेब मांडू. तुझा पगार महिना १५ हजार धरला तर वर्षाचे १ लाख ८० हजार. कंपनीने किलोमागे ५० पैसे ठेवले तर दहा टनांच्या गाडीमागे पाच हजार सुटतात. म्हणजे निव्वळ तुझ्या पगारासाठी वर्षाला ३६ गाड्या. ३६ गाड्या म्हणजे ३६० टन, एकरी २५ टन धरले तरी जेमतेम १५ एकर बाग. सीए, प्रवास, ऑफिस धरून हे दुप्पट करा, ३० एकर. एवढी बाग तुमच्या दहा घरांतच निघेल! मग नोंदणीची घाई कशाला? एक हंगाम दहा घरांनी मिळून माल विकून बघा. हवं तर कृषी खात्याच्या ‘आत्मा’ या यंत्रणेकडे शेतकरी गट म्हणून नाव नोंदवा. पहिल्याच महिन्यात बाहेरचा व्यापारी येऊन दहांतल्या एकाला क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त देऊ करेल. तो देतोच, गट फोडायला. त्या दिवशी दहाचे दहा एकत्र राहिले तर पुढच्या वर्षी कंपनी नोंदवा आणि तू सीईओ हो. त्यात तुला यश येईल अशी माझी आशा आहे आणि माझा कौल तिकडेच आहे. फुटले, तर कंपनी नोंदवून ते जोडले जाणार नाहीत.

हे एक वर्ष अण्णांचं कॉम्प्युटरचं काम जरूर घे, अर्धा दिवस, आणि वर्षभरापुरतंच असं आधीच सांगून. कर्ज खतावणी, रोजकीर्द, थकबाकीची यादी, लेखापरीक्षकाने काढलेले दोष, सगळं डोळ्यांखालून घाल. जोडीला सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ची, म्हणजे सहकार आणि हिशेबाच्या पदविकेची, परीक्षा दे, पदवीधराला बसता येतं. त्यात अनुभव जमला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं काम मिळू शकतं. कंपनी चालली नाही तरी ही विद्या तुझ्याकडे राहील. राज्यसेवेतून सहायक निबंधक होण्याचा रस्ताही आहे, पण तुझं पत्र वाचून तू त्या खुर्चीत रमशील असं मला वाटत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. यंदा वही दारात आली तर आबांनी सही करू नये. सोसायटीत जाऊन ताळेबंद बघायचा लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि तुमच्या दहाही घरांतल्या सभासदांनी तसंच करावं. त्या अर्जांचं काय झालं आणि सातबाऱ्याबद्दल आबा काय म्हणाले, ते मला दिवाळीच्या आधी लिही.

तुझी,
मार्गदर्शक ताई