विंडोज न पुसता त्याच डिस्कवर उबुंटू टाकायचं तर पार्टिशन कसं करावं?

तुमच्या लॅपटॉपला ५१२ जीबीची एकच एसएसडी आहे, विंडोज ११ आहे, सी ड्राइव्हमध्ये वडिलांच्या दुकानाचे हिशेब आहेत आणि कॉलेजसाठी उबुंटू ही लिनक्स प्रणाली हवीय. यातलं काही न गमावता जागा कशी काढायची, हा तुमचा प्रश्न.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. विंडोजची जागा विंडोजमधूनच कमी करा आणि उबुंटूच्या इन्स्टॉलरला फक्त मोकळी झालेली जागा द्या.

कारण सांगतो. कॉलेजात असताना मी लाइव्ह सीडीवरून जीपार्टेड हे पार्टिशन बदलायचं साधन चालवून डी ड्राइव्हची सुरुवात पुढे सरकवत होतो. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागाचा, शेवट अलीकडे आणणं त्या मानाने सोपं असतं. सुरुवात हलवली की आतला सगळा डेटा उचलून नव्या जागी लिहावा लागतो, त्याला तास न् तास लागतात. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. काम अर्ध्यावर असताना वीज गेली. ताईच्या लग्नाचे फोटो त्याच ड्राइव्हवर होते. फोटोरेक हे हरवलेल्या फाइली शोधणारं साधन वापरून थोडे परत मिळाले, तेही फाइलींची नावं हरवून. दुसरी प्रत नव्हती.

म्हणून आधी हिशेबांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि तिथून दोन-चार फाइली उघडून बघा. डिस्क मग लॅपटॉपपासून काढून ठेवा, म्हणजे इन्स्टॉलरमध्ये चुकून तीच निवडली जाणार नाही.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात आणि अनेक नव्या लॅपटॉपवर ते मालकाला माहीत नसतानाच चालू असतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती मागू शकतं आणि की नसेल तर डेटा जागच्या जागी असूनही उघडत नाही. नवशिक्याने इन्स्टॉलपुरतं एन्क्रिप्शन बंदच करावं. ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा, चार्जर लावलेला ठेवा.

फास्ट स्टार्टअपही बंद करा. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. अशा ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिणं धोक्याचं.

आता डिस्क मॅनेजमेंट उघडा, सी वर राइट क्लिक करा, श्रिंक व्हॉल्यूम. आकडा एमबीत द्यायचा असतो: १०० जीबीसाठी १०२४००. निम्मी डिस्क रिकामी असूनही कधी कधी फारच थोडी जागा मिळते. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल आणि रिस्टोअर पॉइंट हलवता येत नाहीत. त्यातली एखादी ड्राइव्हच्या टोकाशी बसली असेल तर श्रिंक तिथेच अडतं. तिन्ही तात्पुरती बंद करून रीस्टार्ट करा, श्रिंक करा, मग पुन्हा चालू करा. मोकळ्या झालेल्या जागेत नवा ड्राइव्ह बनवू नका, ती अनअलोकेटेड, म्हणजे कुणालाच न दिलेली, राहू द्या. विंडोज एकदा-दोनदा बंद-चालू करून नीट उघडतंय ना, ते पाहा.

इन्स्टॉलरमध्ये ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका. पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय घ्या, अनअलोकेटेड जागेत ईएक्सटी४ (फाइली साठवायची लिनक्सची पद्धत) पार्टिशन करा आणि त्याला रूट म्हणजे तिरकी रेघ (/) द्या. रॅम कमी पडली की वापरायचं वेगळं स्वॅप पार्टिशन लागत नाही, उबुंटू स्वॅप फाइल स्वतःच बनवतं. यादीत एक छोटं, बहुधा १०० ते ३०० एमबीचं ईएफआय पार्टिशन दिसेल. विंडोज तिथूनच सुरू होतं. उबुंटू आपलं फोल्डर त्याच्याच शेजारी ठेवतं, त्यामुळे ते वापरायचं, पण फॉरमॅटची खूण तिथे अजिबात नको. शेवटचं बटण दाबण्याआधी बदलांची यादी येते, ती सावकाश वाचा. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या, पार्टिशनचं नाव त्यात दिसलं तर मागे फिरा.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं.

श्रिंकच्या खिडकीत किती एमबी जागा मिळतेय, तो आकडा इथे टाका. ५० जीबीहून कमी असेल तर कुठली फाइल आडवी येतेय ते आधी शोधू, उबुंटू त्यानंतर.