तरतूद होती, मग रस्ता का झाला नाही? पुणे महापालिकेच्या बजेटबद्दल

नऱ्ह्याच्या एका सोसायटीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा: गेल्या अंदाजपत्रकात आमच्या रस्त्याला तरतूद होती, वर्ष संपलं तरी एक पाटी खडी पडली नाही. आता पुढच्या वर्षासाठी काय मागायचं, कुणाकडे आणि कधी?

कुणाकडे आणि कधी ते सोपं आहे, खाली लिहितो. पण तरतूद असून काम का झालं नाही हे कळलं नाही तर पुढची मागणीही तशीच वाया जाईल, म्हणून आधी ते.

तुमच्या रस्त्यापुढे आकडा छापला म्हणजे तेवढे पैसे कुणी बाजूला काढून ठेवलेले नसतात. ठरल्याइतकी जमा झाली तर या कामावर इथवर खर्च करायला हरकत नाही, एवढीच ती परवानगी. जमा कमी पडली की पगार थांबत नाहीत, महावितरणचं बिलही थांबत नाही. थांबतो तो रस्ता. त्यामुळे अंदाजपत्रकाचं पुस्तक हाती आलं की सगळे आपापला प्रभाग शोधतात, तसं करू नका. आधी जमेची पानं काढा.

जुने आकडे बघा. २०१९-२० साठी आयुक्तांनी ६,०८५ कोटींचं अंदाजपत्रक दिलं, स्थायी समितीने (पैशांचे निर्णय घेणाऱ्या नगरसेवकांच्या समितीने) ते ६,७६५ कोटींवर नेलं. २०२०-२१ ला ६,२२९ चे ७,३९० झाले. २०२१-२२ ला ७,६५० चे ८,३७०. आयुक्तांनी मांडल्यापासून स्थायी समितीने मांडेपर्यंत महिनाभर जातो. तेवढ्यात शहराचं उत्पन्न सातशे-हजार कोटींनी वाढलं कुठून? वाढलेलं नसतं. महापालिकेला तुटीचं अंदाजपत्रक करता येत नाही. नगरसेवकांची कामं बसवायची तर खर्च वाढतो, आणि खर्च वाढला की जमा वाढवून दाखवावी लागते. मग थकबाकीची वसुली, बांधकाम शुल्क अशा ठिकाणी आकडे फुगतात. २०२०-२१ ला हा फुगवटा हजार कोटींच्या वर होता आणि वर्ष उजाडलं तेच लॉकडाउनमध्ये. त्या वर्षीच्या किती 'तरतुदी' कागदावरच राहिल्या असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आयुक्तांचा आकडा सोवळ्यातला असतो असंही समजू नका. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासक होता. मांडणारे आयुक्त, स्थायी समितीच्या अधिकारात मंजूर करणारे तेच आणि मुख्य सभेच्याही (सगळ्या नगरसेवकांच्या सभेच्या) अधिकारात तेच. फुगवायला समिती नव्हती, तरी २०२३-२४ चे ९,५१५ कोटी पुढच्या वर्षी ११,६०१ झाले आणि २०२५-२६ ला १२,६१८. सभागृहात निदान आरडाओरडा तरी व्हायचा, तेवढाही या वर्षांत ऐकू आला नाही.

जमेच्या पानांवर तीन ओळी महत्त्वाच्या. पहिली जीएसटीच्या अनुदानाची. पूर्वी जकात होती, ट्रक नाक्यावर आला की रोजची रोकड. १ एप्रिल २०१३ ला ती जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि जुलै २०१७ पासून जीएसटी. आता त्या बदल्यात राज्य सरकार दरमहा अनुदान देतं. ही ओळ सगळ्यात भरवशाची, फक्त ती वाढवणं पालिकेच्या हातात नाही.

मिळकतकर हातात आहे, तोही अर्धाच. राहत्या घराची ४० टक्के सवलत १९७० पासूनची, मध्ये ती काढली, २०२३ मध्ये सरकारने परत दिली. (नवीन फ्लॅट असेल आणि या सवलतीचा पीटी-३ अर्ज भरला नसेल तर हे वाचून झाल्यावर ते काम आधी करा.) कराचे दर पुढच्या वर्षासाठी बदलायचे तर कायद्याने मुख्य सभेला २० फेब्रुवारीच्या आत ठरवावं लागतं. दरवाढीचा प्रस्ताव आला की तो फेटाळण्यात सगळ्या पक्षांचं एकमत होतं, एरवी कशावरही होत नाही.

तिसरी ओळ बांधकाम परवानग्यांची. मला सगळ्यात जास्त खुपते ती हीच. इमारत एकदाच मंजूर होते, शुल्क एकदाच येतं, पण तिथे राहायला आलेल्या दोनशे कुटुंबांचा कचरा रोज उचलावा लागतो. एकदाच येणाऱ्या पैशावर रोजचा खर्च टेकवला की बाजार मंदावला त्या वर्षी सगळंच लटकतं.

आणि हा रोजचा खर्च हेच खरं अंदाजपत्रक. पेपरात उड्डाणपूल येतात, नदीकाठ येतो. शहर चालतं ते महसुली खर्चावर: पगार, पेन्शन, रस्त्यावरचे दिवे, पाण्याच्या पंपांची वीज, खडकवासल्याच्या पाण्यापोटी जलसंपदा खात्याला द्यायचे पैसे, कचऱ्याच्या गाड्या, दवाखान्यातली औषधं, शाळा. पीएमपी बससेवेच्या तुटीतला ६० टक्के वाटा पुण्याचा, ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा, तोही यातच. यातलं फारसं काही पुढे ढकलता येत नाही. शिवाय भांडवली काम, म्हणजे नवं बांधकाम, झालं की त्याची शेपटी इकडे येते. समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०१७ मध्ये पालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्क्यांनी. व्याज दरवर्षी द्यायचं आणि टाक्या-मीटर सांभाळायचा खर्च वेगळाच. उद्यान बांधायला उत्साह असतो, पण तिथे माळी आणि रखवालदार द्यायची वेळ आली की पैसे नसतात.

तुमच्या भागाचं दुखणंही यातच आहे. २०१७ मध्ये ११ गावं हद्दीत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३, त्यात नऱ्हे. गाव आत आलं की दिवे, झाडू, कचरा, टँकर यांचा खर्च लगेच चालू होतो. कर मात्र टप्प्याटप्प्याने लागतो, आणि 'सुविधा नाहीत तर कर कसला' हा वाद वेगळा. दोन्ही बाजूंचं खरं आहे, म्हणूनच तो मिटत नाही.

आता तुमच्या रस्त्याची ओळ वाचू. एकाच ओळीत मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची तरतूद, तिचा सुधारित आकडा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज ओळीने बघा. समजा तरतूद ५० लाख, सुधारित १०, पुढच्या वर्षी पुन्हा ५०. म्हणजे काम निघालंच नाही, किंवा निघेल असं न वाटल्यामुळे पैसे वर्गीकरणाने दुसऱ्या कामाला गेले. वर्गीकरणाचे प्रस्ताव स्थायी समितीच्या आणि मुख्य सभेच्या कार्यपत्रिकेवर येतात, वर्षभराच्या पत्रिका चाळल्या तर पैसे कुठे गेले ते सापडतं. काही वेळा कोटीच्या कामापुढे पाचच लाख दिसतात. ती निव्वळ टोकन तरतूद, लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाची पुस्तकातली ओळ, जिवंत ठेवण्यापुरती. तिच्यावर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये अभिनंदनाचे मेसेज टाकू नका.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक. विकास आराखड्यातला रस्ता असेल आणि जागा ताब्यात नसेल, तर पैसे असूनही काम होत नाही. नव्या गावांत हे फार आहे. म्हणून पथ विभागात 'काम कधी होणार' असं विचारू नका, 'लवकरच' हे उत्तर तयार असतं. जागा पूर्ण ताब्यात आहे का, एस्टिमेट मंजूर आहे का, टेंडर कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात, त्याच तीन प्रश्नांसकट.

आता मागणीचं. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला आवाहन निघतं, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. एका कामाची मर्यादा ५ लाख ठेवलेली, त्यामुळे अख्खा रस्ता यात मागू नका, अर्ज सरळ बाद होतो. जानेवारीत आयुक्तांचं पुस्तक जवळजवळ तयार असतं, तेव्हा जाग येऊन निवेदन दिलं तर फोटो छान येतो, बाकी काही नाही.

अर्जात काम जितकं नेमकं तितकं बरं. 'परिसरातील पदपथ सुधारावेत' हे वाचून कनिष्ठ अभियंत्याला एस्टिमेट करता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'सोसायटीच्या मुख्य गेटपासून चौकातल्या मेडिकलपर्यंत, जाताना डाव्या हाताचा पदपथ, अंदाजे १२० मीटर. चार चेंबरची झाकणं रस्त्याच्या वर आली आहेत ती पातळीला आणणे, तुटलेले ब्लॉक बदलणे, दोन बंद दिवे चालू करणे.' सोबत फोटो आणि गूगल मॅपवरचं ठिकाण. असं काम ५ लाखांत बसतं आणि त्याला जागेची भानगड नसते. नवीन बाक, नामफलक, कमान असलं काही मागण्यापेक्षा देखभाल मागा, असं मला ठामपणे वाटतं.

मोठ्या रस्त्यासाठी मात्र नगरसेवकच गाठा. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा आहेत, आणि 'स' यादीत (नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीत) कोणती कामं घालायची हे त्यांच्या हातात असतं. त्यांना सांगताना नुसती तरतूद मागू नका, जागेचा ताबा मागा. तो झाला नसेल तर या वर्षी पैसे भूसंपादनाला पडू देत, डांबर पुढच्या वर्षी.

अर्जाची पोच आवक क्रमांकासह घ्या आणि मार्चमध्ये अंदाजपत्रक मंजूर झालं की क्षेत्रीय कार्यालयातून स्वीकारलेल्या कामांची यादी मागा. यादीत नाव असेल तर जूनपर्यंत टेंडरची चौकशी करायची, कारण पावसाळ्यानंतर दिवाळी येते, मग मार्चअखेर, आणि मार्चअखेरच्या घाईत केलेलं काम तुम्ही पुढच्या जूनमध्ये बघालच.