निवड झाली, आता मागच्या रांगेत बस

पोरी,

तुझा लघुपट कोल्हापूरच्या महोत्सवात लागतोय हे वाचून फार आनंद झाला. बक्षीस मिळावं म्हणून आता काय करू, असं तू विचारलंयस. काहीच करू नकोस, ते परीक्षकांकडे गेलं. तुझ्या हातात त्याहून मोठी गोष्ट आहे: अनोळखी माणसांच्या मध्ये बसून स्वतःचा सिनेमा बघणं. घरच्यांनी आणि कॉलेजातल्या मित्रांनी कौतुक केलं ते तुझं केलं. सभागृहातल्या माणसाला तू कोण हे ठाऊकच नसतं.

म्हणून पुढे बसू नकोस. मागे, कडेची खुर्ची धर आणि पडद्यापेक्षा माणसांकडे जास्त बघ. चुळबुळ कुठे सुरू होते, पहिला मोबाईल कुठल्या प्रसंगाला उजळतो, सगळं वहीत टिपून ठेव. माझा अंदाज असा की आजी चुलीपुढे भाकऱ्या थापते तो लांबलचक शॉट लोक एकटक बघतील आणि व्हायोलिन सुरू झालं की सैल पडतील. थापण्याचा आवाज आहे, लाकडांचा तडतडाट आहे, बाहेर एसटीचा हॉर्न वाजतो. अजून काय हवं? आपल्याकडे आवाजाला कायम सावत्रपणाची वागणूक मिळते. नागराज मंजुळे यांच्या ‘पावसाचा निबंध’ला २०१८ साली दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला हे सगळ्यांना आठवतं. त्याच लघुपटासाठी अविनाश सोनवणे यांना ध्वनीचा पुरस्कार मिळाला, हे मात्र फार कमी जण सांगतात. तो पाऊस डोळे मिटून एकदा ऐक.

आता शेवटची काळी पाटी. ‘आजही आपल्या देशात कित्येक मुली...’ ही पाटी काढून टाक. निवड समितीसाठी लघुपट बघताना अशा पाट्या मी इतक्या वाचल्यात की त्या दिसल्या की वाईट वाटतं, कारण त्याआधीचा सिनेमा बऱ्याचदा चांगला असतो. तुझी नायिका दप्तर माळ्यावर टाकते तिथेच सगळं सांगून झालंय. प्रेक्षकावर एवढा विश्वास टाक.

भाषा बदलून प्रमाण मराठीत डबिंग कर, असा सल्ला तुला कुणी दिला असेल तर तो मनावर घेऊ नकोस. आजी जशी बोलते तशीच बोलू दे. परगावच्यांसाठी उपशीर्षकं आहेत, फक्त ती वाचून होण्याआधी पळत नाहीत ना, एवढं बघ.

डीसीपी, म्हणजे थिएटरात दाखवायची सिनेमाची डिजिटल प्रत, आधीच तपासून घे. तू सेकंदाला २५ फ्रेम्सवर शूट केलंयस आणि थिएटरात बहुतेक वेळा २४ वर चालतं. रूपांतर नीट झालं नाही तर ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. खेळाच्या दिवशी सकाळी प्रोजेक्शनवाल्या दादांना गाठ, नम्रपणे दोन मिनिटं चालवून बघायला माग. हेडफोनवर स्पष्ट वाटलेले संवाद मोठ्या सभागृहात बुडतात, हे तिथेच कळतं.

आणि आपला खेळ झाला की चहाला पळू नकोस. त्या गटातले बाकीचे लघुपट पूर्ण बघ. कुणी विदर्भातून आलेलं असेल, कुणी गोव्यातून, पैसे तुझ्याइतकेच कमी. त्यांनी रात्रीचा प्रसंग कुठल्या उजेडात काढला, गावातल्या माणसांकडून अभिनय कसा करून घेतला, हे त्यांनाच विचार. तुझ्या पुढच्या सिनेमाचा कॅमेरामन बहुधा तिथेच भेटेल.

यूट्यूबवर मात्र इतक्यात टाकू नकोस, आधी ऑनलाइन आलेलं बरेच महोत्सव घेत नाहीत. मुंबईचा ‘मिफ’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच भरतो, दोन वर्षांतून एकदा. तिरुवनंतपुरमलाही लघुपटांचा वेगळा महोत्सव असतो. दोन्हीकडे पाठवू. आणि टीव्हीवर वाजणारं ते जुनं हिंदी गाणं त्याआधी काढ, त्याचे हक्क आपल्याला परवडणार नाहीत.

महोत्सव संपला की वही घेऊन ये. एडिटला पुन्हा बसू, मग अर्ज भरू.

तुझा,
सर