पहिल्यांदा गुंतवणूक सल्लागारांच्या कॉन्फरन्सला जातोयस ना, मग हे ऐक

अरे सगळी सेशन्स अटेंड करायच्या भानगडीत पडू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं आणि संध्याकाळी डोकं नुसतं भणभणत होतं. खरं काम चहाच्या टेबलापाशी होतं. तिथे एखादा जुना आरआयए, म्हणजे आपल्यासारखा रजिस्टर्ड गुंतवणूक सल्लागार, दिसला की सरळ विचार, फी कशी लावता, फिक्स्ड की टक्क्यांत, आणि क्लायंट कुरकुर करतो तेव्हा काय बोलता? सांगतात रे लोक मोकळेपणी. फंडवाल्यांच्या स्टॉलवरून पेनं-पिशव्या घे हवी तर, पण नव्या फंडाचं पत्रक लगेच क्लायंटला फॉरवर्ड करू नकोस, आपण सेबीच्या 2013 च्या रेग्युलेशन्सखाली रजिस्टर्ड, कमिशन घेत नाही, मग त्यांची जाहिरात फुकटात कशाला! आणि व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथल्या तिथे लिही कोण, कुठला, काय बोललो, घरी आल्यावर सगळी कार्डं सारखीच दिसतात. स्वेटर ने, एसी फार असतो.