रिटायरमेंटनंतरचा पहिला मार्च

"मॅडम, बाबा रिटायर झाल्यापासून घरात नुसती कटकट चालू आहे, आई वैतागलीये, बाबा गप्प गप्प असतात, हे डिप्रेशन तर नसेल ना?"

हा प्रश्न मला वर्षभर येतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा जास्तच. आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे सरकारी नोकरीतली कितीतरी माणसं ३१ मेला रिटायर होतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून जन्मतारीख टाकलेली असते. मग पहिले काही महिने बरे जातात. पेन्शनची कागदपत्रं, ग्रॅच्युइटी कधी जमा होतेय ते बघणं, राहिलेलं देवदर्शन, गणपती, दिवाळी, नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला. थंडीत तर उशिरा उठलं तरी कोणी काही म्हणत नाही, गॅलरीत ऊन खात पेपर वाचायचा, हुरडा, भोगीची भाजी, संक्रांत, चाललंय. मग महाशिवरात्र होते, थंडी शिव शिव म्हणत पळते, दिवस मोठा व्हायला लागतो, दुपार संपता संपत नाही. आणि तेव्हा माणसाला खऱ्या अर्थाने कळतं की आपण सुट्टीवर नाही आहोत, हे आता असंच असणार आहे. रॉबर्ट अ‍ॅचली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच निवृत्तीचे टप्पे मांडलेत, त्यात सुरुवातीच्या मजेच्या काळानंतर हिरमोड होण्याचा टप्पा आहेच. म्हणजे हे फक्त तुमच्याच घरात होतंय, एवढं आधी मनातून काढून टाका.

एक केस सांगते. दोघांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी साताऱ्यात समुपदेशनाची प्रॅक्टिस करते. मार्चच्या सुरुवातीला एक काकू आल्या, एकट्याच, घरी दवाखान्यात जाते असं सांगून. काका सरकारी ऑफिसात अकाउंट्सला होते, सगळी नोकरी बिलं आणि व्हाउचरमध्ये गेलेली. काकूंचं म्हणणं, "माणूस वाईट नाही हो, व्यसन नाही, काही नाही. पण सकाळपासून माझ्या मागे. दुधाच्या पिशव्या वहीत लिहितात. सिलेंडर कधी लावला, किती दिवस गेला, भिंतीवर लिहून ठेवलंय. परवा मटार सोलत बसले होते, तर सोलून झाल्यावर सालं आणि दाणे वेगवेगळे काट्यावर ठेवून मला सांगतात, निम्म्याच्या वर साल निघाली, तू फसलीस. इतकी वर्षं घर चालवलं मी, आता मला ऑडिट लागलंय." आणि मग एकदम डोळ्यात पाणी. भिशीच्या बायका घरी यायच्या बंद झाल्या होत्या, कारण हॉलमध्ये काका बसलेले, उठत नाहीत, बायका अवघडून चहा पिऊन निघून जातात. "दुपारचे दोन तास माझे होते मॅडम, तेवढेच होते."

हे वाक्य मी लिहून घेतलं. आपण सगळे रिटायर झालेल्या माणसाबद्दल बोलत असतो, त्याचा वेळ कसा जाईल, त्याने काय छंद लावून घ्यावा, पण त्याच्या बायकोचा वेळ जो कोणी न विचारता काढून घेतलाय त्याबद्दल कोणी बोलतच नाही. आणि ती स्वतः तर रिटायर होतच नाही.

काकूंची मागणी एकच, "त्यांना कशात तरी गुंतवा." मी म्हटलं, काका आले तर बघू, पण गुंतवायचं नंतर, आधी त्यांना काय होतंय ते बघू.

काका आठवड्याने आले. हातात फाइल, टॅग लावलेली, सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे. "मला काही झालेलं नाही, हिच्या समाधानासाठी आलोय." मी आधी नेहमीचं विचारलं, झोप, भूक, आवडीच्या गोष्टीत मन लागतं का, जगणं नकोसं वाटतं का. हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यांना सरळ विचारते, विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट असलेला बाहेर येतो. ज्येष्ठांसाठी पंधरा हो-नाही प्रश्नांची एक प्रश्नावली असते, तीही भरून घेतली. डिप्रेशन म्हणावं असं नव्हतं, पण काठावर होतं. शिवाय फॅमिली डॉक्टरांकडून थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगितलं, कारण थायरॉइड मंदावलेलं असलं किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असाच थकलेला नि उदास दिसतो. बी-१२ कमीच निघालं, डॉक्टरांनी त्याचं औषध चालू केलं. त्याचाही वाटा असणार, सगळं मनावर ढकलून चालत नाही.

झोपेचं मात्र वेगळं होतं. रोज पहाटे तीनला जाग. मी विचारलं, जाग आल्यावर डोक्यात पहिलं काय येतं? काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "बिलं राहिलीत."

मी म्हटलं, मागच्या वर्षी या दिवसांत काय चालू होतं तुमचं, सांगा की. आणि मग जो माणूस दोन शब्दांत उत्तरं देत होता तो बोलायला लागला. मार्च एंडिंग. अनुदान उशिरा येतं, बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या अनुदान वाटपाच्या साइटवर, दिसतं पण साइट चालत नाही, ३१ मार्चच्या आत खर्ची पडलं नाही तर पैसे परत जाणार, ट्रेझरीत, म्हणजे कोषागारात, बिल टाकायचं, तिथून आक्षेप लागून परत येतं, दुरुस्त करून पुन्हा पळायचं, रात्री अकरा-बारापर्यंत ऑफिस चालू, वडापाव, चहा, साहेबांचा दर दहा मिनिटांनी फोन, "झालं का?" आणि झाल्यावर सगळ्यांनी मिळून बाहेर येऊन उभं राहायचं. बोलताना त्यांचा आवाजच बदलला होता. मग म्हणाले, "यावेळी मी फोन केला हो ऑफिसात, म्हटलं बीडीएस चालू आहे का, काही अडलंय का. तर पोरगं म्हणालं, साहेब तुम्ही आता आराम करा."

त्या पोराचं काही चुकलं नव्हतं, तो चांगल्या मनानेच बोलला. पण काकांना ते फार लागलं होतं आणि त्यांनी घरात कोणाला सांगितलंच नव्हतं. मटार तोलणारा माणूस आणि ट्रेझरीत पळणारा माणूस एकच आहे हे मला तेव्हा नीट कळलं. हिशेब बघायची नजर तशीच शाबूत आहे, बघायला फक्त स्वयंपाकघर उरलंय.

पुढच्या वेळी दोघांना एकत्र बोलावलं. मी काकांना विचारलं, तुमच्या सेक्शनला बदली होऊन नवीन माणूस आला आणि पहिल्याच दिवशी त्याने कपाटं लावायची पद्धत बदलली तर? "चालू देणार नाही, आधी वर्षभर बघ म्हणावं." मग घरात तुम्ही नव्याने जॉइन झालाय काका, आणि इथल्या सीनियर या आहेत. काकू हसायच्या ऐवजी रडल्या. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी काय काय ठरतंय ते लिहायला वही त्यांनीच पुढे ओढली.

त्या वहीत आम्ही छंद वगैरे लिहिले नाहीत. मुलीने पुण्याहून फोनवर आधीच मोठी यादी दिलेली होती, बागकाम करा, हास्यक्लब जॉइन करा, कीबोर्ड शिका. याद्यांनी काही होत नाही हे मी स्पष्ट सांगते, कारण छंद आधीपासून असेल तर माणूस तो शोधत माझ्याकडे येत नाही. आम्ही आधी दोघांचा वेळ वाटून घेतला. सकाळी दहा ते एक ओटा काकूंचा, काकांनी विचारल्याशिवाय सूचना करायची नाही. गुरुवारी दुपारी हॉल भिशीचा, काका बाहेर. दुपारची झोप अर्धा तासच, दोन तास झोपून रात्री साडेनऊला अंथरुणात गेलं तर तीनला जाग येणारच ना. आणि फिरायला सकाळी नाही, संध्याकाळी. पहाटे फार लवकर जाग येणाऱ्यांना मी संध्याकाळच्या उजेडात फिरायला सांगते, त्याने झोपेची वेळ थोडी उशिराकडे सरकते. मार्चमध्ये पावणेसातपर्यंत उजेड असतो, अजिंक्यताऱ्याच्या बाजूला हवाही बरी असते, आणि ऑफिस सुटायची वेळ घरात बसून काढावी लागत नाही, ही वेळ बऱ्याच जणांना फार जड जाते.

काकांनी विचारलं, ऑफिसात जाऊन मदत करू का मार्चपुरती? मी नाही म्हटलं. बोलावलं तर जरूर जा, न बोलावता नको.

मग कुरडयांचं निघालं. काकूंनी गहू भिजत घातले होते, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चीक शिजवताना घाटायला जोर लागतो, हात थांबला की गुठळ्या. दरवर्षी शेजारच्या ताई यायच्या, यंदा त्यांचा खांदा धरलेला. काकू मला नाही, काकांकडे बघून म्हणाल्या, "एवढं घाटायला याल का? पण मी सांगीन तसंच." पहाटे उठून दोघांनी केलं, ऊन वर यायच्या आत गच्चीवर कुरडया घातल्या. पुढच्या वेळी काकांनी मला सविस्तर सांगितलं, पाण्याला उकळी आल्यावर मीठ हिंग, मग चीक एका धारेत, आणि हात एकाच दिशेने. गरम चीक तेल घालून खाल्ला म्हणे, लहानपणानंतर पहिल्यांदाच. पहाटेची जाग त्या दिवशी कामी आली होती.

३१ मार्चच्या रात्रीचं आधीच ठरवून ठेवलं होतं, कारण ती रात्र जड जाणार हे दिसत होतं. बरोबर रिटायर झालेले आणखी दोघे होते, त्यांना काकांनी स्वतः फोन केला, तिघं पोवई नाक्यावर जेवायला गेले. ते दोघेही म्हणे रोज तीनला उठत होते.

एप्रिलमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, हिशेब बघाल का, सोसायटीचं ऑडिट ३१ जुलैच्या आत व्हायला लागतं आणि कमिटीतले सगळे नोकरीवाले. मी म्हटलं घ्या, पण ठरलेल्या दोन दिवशी आणि सोसायटीच्या ऑफिसात बसून, डायनिंग टेबलवर फाइली आणायच्या नाहीत. मला यात हिशेबापेक्षा हे महत्त्वाचं वाटलं की ठरलेल्या वेळी कोणीतरी त्यांची वाट बघणार होतं, आणि नाही गेले तर कोणाचं तरी अडणार होतं. वाचनालयात गेलात न गेलात, कोणाला काय फरक पडतो?

आता सगळं छान आहे असं नाही. दुधाची वही अजून आहे, त्यावरून अजून वाजतं. पण भिशी परत सुरू झाली आणि झोप पाचपर्यंत लागायला लागली.

ज्या मुलामुलींनी मला विचारलंय त्यांच्यासाठी. उदासी, कशातच रस नसणं, झोप-भूक बिघडणं हे जवळजवळ रोज आणि दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. मरणाचं बोलणं निघालं तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे. आणि एवढं गंभीर नसेल तर फोनवर "बाबा आता एन्जॉय करा" म्हणण्याऐवजी त्यांना या दिवसांत ऑफिसात काय चालायचं ते विचारा आणि ऐका, मग फोन आईकडे द्यायला सांगा आणि तिला तिच्या दुपारचं विचारा, बाबा शेजारी नसताना.