हेलियमच्या मागे लागण्याआधी

सुरुवात ओमेगा सेंटॉरीपासून कर. हबलच्या निरीक्षणांतून 2004 मध्ये या गोलाकार तारकागुच्छाचा मुख्य क्रम, म्हणजे रंग-तेजाच्या आलेखात बहुतेक तारे ज्या रांगेत येतात ती, दुहेरी असल्याचं पक्कं झालं. पुढच्या वर्षी वर्णपटांनी कोडं वाढवलं: निळ्या रांगेतल्या ताऱ्यांत धातू (म्हणजे हेलियमहून जड मूलद्रव्यं) जास्त! धातू वाढले तर रांग लाल बाजूला सरकायला हवी. हा उलटेपणा आलेख काढून स्वतः पाहा, घाई करू नकोस. पटणारं उत्तर हेलियमचं आहे: निळ्या रांगेत ते वस्तुमानाच्या सुमारे 38 टक्के, महास्फोटातलं प्रमाण साधारण 25. हेलियम वाढलं की ताऱ्यातल्या वायूची अपारदर्शकता घटते, तारा अधिक तप्त आणि म्हणून निळा होतो.

पण थंड ताऱ्यांत हेलियमच्या रेषा दिसत नाहीत, आकडा बहुधा ताऱ्यांच्या गणिती प्रारूपांतून येतो. तो मोजमाप समजू नकोस. मग एनजीसी 2808 हा दुसरा गोलाकार तारकागुच्छ घे, तिथे तीन रांगा आहेत. आणि मे महिन्यात दक्षिण क्षितिज मोकळं मिळालं तर ओमेगा सेंटॉरीला दुर्बिणीतून बघच.