लातूरमध्ये नोकरी सांभाळून रविवारी टॅरो वाचन करते. कर आणि कायद्याचे काय?

वाचनाचे पैसे रोख आले काय किंवा यूपीआयने आले काय, ते व्यवसायाचे करपात्र उत्पन्नच ठरते, त्यामुळे पगारदारांचा आयटीआर-१ (प्राप्तिकर विवरणपत्राचा फॉर्म) चालत नाही. आयटीआर-३ किंवा पात्रतेनुसार आयटीआर-४ भरावा लागतो. तारीख, रक्कम आणि टॅरोच्या पत्त्यांच्या (कार्डांच्या) संचाच्या खरेदीची पावती एका वहीत जपा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही.

मला खरी काळजी वाटते ती जाहिरातीची. पत्ते काढून आजार बरा करण्याचा चमत्कारी दावा, मग तो व्हॉट्सॲप स्टेटसवर का असेना, १९५४ च्या जादुई उपचार जाहिरातविरोधी आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तुम्हाला अडचणीत आणू शकतो. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत असाल, तर आधी लेखी परवानगी मागा.